काकूंचा आवाज कोणी मिटवला?

१

सोमवारी सकाळी काकूंनी यंत्राचं बटण दाबलं आणि यंत्र गप्प बसलं.

त्यांनी पुन्हा दाबलं. मग काकांनी दाबून पाहिलं, कारण बायकोने दाबलेलं बटण नीट दाबलं गेलेलं नसतं यावर नवऱ्यांची फार श्रद्धा असते. यंत्र ढिम्म. शेवटी वाचाकेंद्राच्या डॉक्टरीणबाई आत जाऊन संगणकासमोर बसल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सर्व्हरवर काकूंच्या नावाचं फोल्डर जागच्या जागी होतं, पण आत काहीही नव्हतं.

काकू म्हणजे तलावावरच्या पोहण्याच्या शिक्षिका. त्या या काठावरून ओरडल्या की त्या काठाला लटकलेलं पोर हात सोडून पोहायला लागायचं, असा आवाज. घशातल्या गाठीमुळे स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनआधी त्या या केंद्रात रोज येऊन वाक्यं बोलून गेल्या होत्या, म्हणजे पुढे तळहाताएवढं यंत्र त्यांच्याच आवाजात बोललं असतं. श्वास आता गळ्यातल्या छिद्रातून, म्हणून पाण्यात उतरणं कायमचं बंद. पण काठावर उभं राहून ओरडता आलं, तर वर्ग परत द्यायचं तलाववाल्यांनी कबूल केलं होतं. त्या एका आशेवर बाईंनी मुकेपणाचे महिने काढले होते. आणि ध्वनिमुद्रण पुन्हा करायचं म्हटलं, तर आता करणार कशाने?

"दुसरी प्रत असेल ना कुठे?" काकांनी विचारलं.

होती. दुसऱ्या एका मशीनवर दररोज आपोआप हुबेहूब नक्कल व्हायची. इतकी हुबेहूब, की इथलं फोल्डर रिकामं झाल्यावर तिथलंही इमानेइतबारे रिकामं झालं होतं. आरशासमोरून उठून गेलेला माणूस आरशात थोडाच राहतो!

डॉक्टरीणबाईंनी जिला फोन लावला तिला धंद्यातले लोक घार म्हणत. कोणी घुसखोरी केलेल्या सर्व्हरचा पंचनामा करणं हे तिचं काम.

"मशीन चालू आहे?" घारेचा पहिला प्रश्न.

"चालू आहे, पण रडतखडत. दुसऱ्या पेशंटची यंत्रंसुद्धा अडखळताहेत. एकदा बंद करून चालू करू का?"

"मुळीच नाही. मी येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही." मग तिला आठवण झाली. "माझं नाव कोणी दिलं तुम्हाला?"

"आमच्या सर्व्हर सांभाळणाऱ्याने. अखंड म्हणतो आम्ही त्याला."

घारेला फोन खाली ठेवायला जरा वेळ लागला.

२

अखंड हे नाव तिनेच ठेवलं होतं.

लिनक्स या प्रणालीवर चालणारं मशीन वर्षानुवर्षं बंद न करता चालवता येतं, आणि ते तसं चालवण्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या जमातीला भलता अभिमान. लोक मुलांचे मार्क सांगतात तसे हे आपलं मशीन किती दिवस अखंड चालू आहे ते सांगतात. पूर्वी एका कचेरीत दोघं शेजारी शेजारी बसायची. संध्याकाळी ती पर्स उचलायची आणि तो म्हणायचा, "तू हो पुढे, मी एवढं बघून येतो." तो कधी आला नाही. एके दिवशी ती नोकरी सोडून गेली, तेव्हाही तो काहीतरी बघतच होता. इतक्या वर्षांत तिने त्याला एकदाही फोन केला नाही, पण त्याची आठवण आली नाही असा आठवडाही गेला नाही. आता त्याने स्वतः बोलावलं होतं. येताना सबंध रस्ताभर ती स्वतःला बजावत होती की हे काम आहे, बाकी काही नाही. उपयोग होत नव्हता.

"आलीस," अखंड म्हणाला. कानावरचे केस पिकले होते. उभं राहायची ढब तीच, एक खांदा मशीनच्या कपाटाला टेकलेला.

"बोलावलंस म्हणून आले. शनिवार-रविवार इथे कोण होतं?"

"मी नव्हतो. रविवारी तर दिवसभर बहिणीकडे, सगळं खटलं जमलं होतं. बाहेरून कोणीतरी घुसलंय, तू बघ."

तिने बघायला घेतलं. आधी मशीनच्या स्मृतीची प्रत काढून ठेवली, मग आपला पेन ड्राइव्ह लावून स्वतःची अवजारं चालवली. ज्या घरात चोरी झाली तिथल्या चौकीदाराच्या साक्षीवर विसंबायचं नसतं, तसंच घुसखोरी झालेल्या मशीनच्या स्वतःच्या अवजारांचं. चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी पडद्यावरून सरकली आणि घारेने बोट टेकवलं.

"हा बघ. नाव प्रणालीच्या आतल्या कामगाराचं लावलंय. पण असले कामगार मुख्य मालकाच्या खात्यावर चालतात, हा ध्वनिमुद्रणाच्या खात्यावर चाललाय. अंगात गणवेश पोलिसाचा आणि पायात चपला शेजाऱ्याच्या."

ध्वनिमुद्रणाच्या खात्याचा पासवर्ड म्हणजे केंद्राचंच नाव होतं. तो ओळखून कोणीतरी परक्याने हा फुकट्या आत सोडला होता, आणि तो केंद्राच्या विजेवर कोणाच्या तरी खिशासाठी आभासी नाणी पाडणारी आकडेमोड करत होता. मशीन धापा टाकत होतं ते त्याच्यामुळे.

"म्हणजे चोर सापडला!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यानेच आवाज मिटवला."

अखंड पडद्याकडेच बघत राहिला. घारेच्या मनात मात्र पाल चुकचुकली. दुसऱ्याच्या घरात फुकट राहायला आलेला माणूस पावलांचा आवाजसुद्धा करत नाही. तो कशाला भांडी आपटून घर जागं करील? शिवाय या फुकट्याची मूळ फाइलही डिस्कवरून कोणीतरी मिटवली होती. प्रोग्रॅम एकदा सुरू झाला की फाइल गेली तरी चालत राहतो, तसा हा चालला होता.

तिने काकूंच्या रिकाम्या फोल्डरवरची वेळ पाहिली. शेवटचा बदल रविवारी दुपारी.

"रविवारी दुपारी केंद्रात कोणीच नव्हतं?" तिने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. "एकजण होता," त्या म्हणाल्या. "आमचा कानसेन."

३

कानसेन म्हणजे केंद्राचा ध्वनितंत्रज्ञ. गळ्यात कायम हेडफोन, आणि बोलणं असं की समोरचा बहिरा असावा.

"हो, होतो मी रविवारी! आमच्या घरी शांतता नसते, म्हणून येतो. गुन्हा आहे का, ताई?"

"काकूंचं फोल्डर उघडलं होतंत?"

"रविवारी नाही. तो आवाज मी गुरुवारीच पुरा केला. सगळी वाक्यं साफ करून त्याच फायलींवर पुन्हा लिहिली, मग सलग एक मोठी फाइल जोडली. बाईंचे श्वास तेवढे ठेवले. श्वास काढले की माणूस मेल्यासारखा बोलतो." तो एकदम थांबला, डोळे पुसून पुन्हा ओरडला, "आणि मी मिटवीन होय तो? माझंसुद्धा गेलंय की! यंत्र जुळवायला गुरुवारी मी एक शिट्टी रेकॉर्ड केली होती, माझ्या फोल्डरात होती, तीही गेली. माझी शिट्टी नेऊन चोर काय करणार आहे?"

घार त्याच्याकडे बघत राहिली. "दुसऱ्या पेशंटचं काही गेलं?"

"एक अक्षर नाही. ते सगळं जुनं काम, जसंच्या तसं आहे."

काका व्हरांड्यात बाकावर बसले होते. चष्म्याच्या दुकानात काचा घासून त्यांची बोटं गुळगुळीत झाली होती. शेजारी काकू मांडीवर पाटी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पाटीवर लिहिलं, "सापडेल का?" आणि घारेच्या तोंडासमोर धरली. घारेला खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना.

"काका, तुम्ही आवाजाची प्रत मागितली होती म्हणे."

"मागितली होती. यंत्र तयार होईपर्यंत आवाज केंद्राबाहेर देत नाहीत म्हणाले. बरं म्हटलं. मग डॉक्टरीणबाईंनी रोज दुपारी ऐकण्याच्या खोलीत बसायची परवानगी दिली. शुक्रवारीही बसलो होतो." काकूंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं, त्यांना हे ठाऊक नसावं.

"जाताना प्लेअर बंद केलात?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नियम आहे तसा. बंद करायचा असतो."

"मी नियम नाही विचारला, काका."

ते तोंड उघडणार तोच कानसेन आतून धावत आला. "ताई! अखंड मशीन बंद करतोय!"

४

अखंडचं बोट बटणावर होतं.

"बाजूला हो," घार म्हणाली.

"पेशंट खोळंबलेत. बोलता येत नाहीये त्यांना. एकदा बंद करून चालू केलं की तुझा तो फुकट्या मरेल. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलंय."

तिने त्याच्या बोटावर आपला हात ठेवला. किती वर्षांनी! आणि त्याच क्षणी तिला एक गोष्ट कळली. ती कळू नये असं तिला फार वाटलं. जुन्या कचेरीत धूर झाला होता त्या दिवशीही या माणसाने मशीन बंद करू दिलं नव्हतं. तोच आज घाईघाईने बंद करा म्हणतो?

"पाच मिनिटं दे मला," ती म्हणाली. "नंतर हवं ते कर."

ती खुर्चीत बसली. फुकट्याची फाइल मिटवलेली आणि तरी तो जिवंत, हे मघापासून तिच्या डोक्यात घोळत होतं. या प्रणालीत फाइल मिटवणं म्हणजे दारावरची पाटी काढणं. पाटी गेली की घर कोणाला सापडत नाही. पण आत कोणी बसलेलं असेल, तर ते उठून जाईपर्यंत घर पाडत नाहीत. मशीन बंद केलं, की मात्र सगळे उठतात आणि सगळं जमीनदोस्त होतं.

तिने मशीनला विचारलं, मिटवलेल्या पण अजून कोणीतरी धरून ठेवलेल्या फायली किती? उत्तरात दोन ओळी आल्या. पहिली फुकट्याची. दुसरीत काकूंच्या नावाची एक मोठी सलग फाइल, आणि ती धरून ठेवणारा होता ऐकण्याच्या खोलीतला, याच मशीनवर चालणारा प्लेअर. शुक्रवारी दुपारपासून तो मध्येच थांबवलेला होता.

घारेने श्वास रोखून फाइलीची प्रत काढली. मग दुसरी. मग तिसरी, तिच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर.

"आहे," ती म्हणाली. "आवाज आहे."

डॉक्टरीणबाईंनी कानसेनला पुढे ढकललं. कानसेनने हेडफोन कानाला लावला, ऐकलं, आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलला. "सगळं आहे. श्वाससुद्धा. यातून सगळी वाक्यं परत वेगळी करता येतील."

"आता कोणी मिटवला ते सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अखंड दाराकडे निघाला होता. घार त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तूही थांब."

५

"फक्त काकूंचाच आवाज का गेला?" घार सांगू लागली. "सगळ्यांना वाटलं, काकूंवर कोणाचा तरी डोळा आहे. म्हणून कानसेनवर संशय, काकांवर संशय. पण शिट्टीवर कोणाचा डोळा असणार? दोन्हींत सारखं एकच. दोन्ही एकाच खात्यावर आणि अगदी अलीकडे लिहिल्या गेलेल्या. मिटवणाऱ्याने नाव बघून मिटवलंच नाही. या खात्यावर हल्ली जे जे नवं झालं ते सगळं काढ, असा एकच हुकूम मशीनला दिला. चाळणी लावली. जुने पेशंट वर राहिले, काकू खाली गेल्या."

"पण असं कशाला करील कोणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"फुकट्याला हाकलायला. त्याच्या फायली त्याच खात्यावर होत्या आणि नव्या होत्या. म्हणजे मिटवणाऱ्याला घुसखोराची खबर आपल्या आधीपासून होती, आणि त्याने ती कोणाला दिली नाही."

तिने फोल्डरची माहिती पडद्यावर उघडली.

"आता वेळ. फोल्डर सांगतं, रविवार दुपार. ही वेळ माणसाला बदलता येते. पण फोल्डरच्या मागे दुसरी एक वेळ असते, फोल्डरबद्दलची माहिती कधी बदलली ती. तिच्यावर सहसा कोणाचा हात पोचत नाही. ती सांगते, आज सकाळी, केंद्र उघडायच्या आधी. म्हणजे रविवार हा आज सकाळी लिहिला गेला. ते फोल्डर मुख्य खात्याच्या मालकीचं, आणि फुकट्याची मजल ध्वनिमुद्रणाच्या खात्यापलीकडे गेलेली नाही. मुख्य खात्याची किल्ली इथे एकाच माणसाकडे आहे. रविवारचं खोटं कोणाच्या सोयीचं? जो रविवारी सगळ्या खटल्यासमोर बहिणीकडे बसला होता, त्याच्या."

मग ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली.

"शनिवारी घरून केलं," अखंड म्हणाला. "मशीन मंद का झालं ते कळलं होतं मला. नियमाप्रमाणे तुम्हाला सांगून, बंद करून, सगळं नव्याने उभं करायला हवं होतं. पण इतकी वर्षं एकदाही थांबलं नव्हतं हो ते. मला थांबवायचं नव्हतं. म्हटलं, गुपचूप साफ करू, कोणाला पत्ता लागणार नाही. आज सकाळी फोल्डर उघडलं तर रिकामं. वेळ बदलली. कानसेन रविवारी इथे होता हे मला खरंच माहीत नव्हतं."

कानसेनने तोंड फिरवलं.

"आणि वर मलाच बोलावलंस," घार म्हणाली. "मी आले की तू सापडणार हे कळत नव्हतं तुला?"

"कळत होतं. आवाज सापडायचा तर तुलाच सापडेल, हेही कळत होतं. मग तू फुकट्याच्या फाइलीशी अडलीस आणि मी घाबरलो. बोलावलं मीच, घाबरलोही मीच." मग फक्त तिला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "आणि मला तुला बघायचं होतं."

हे शब्द ऐकायला तिने वर्षं घालवली होती. ऐकल्यावर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

"रिपोर्टमध्ये जे झालं ते लिहिणार मी," ती म्हणाली.

"लिही. काकूंना मी स्वतः सांगतो."

तो व्हरांड्यात गेला आणि त्यांच्यासमोर उभा राहून त्याने काही न लपवता सांगितलं. काका उठून उभे राहिले होते, मुठी आवळून. काकूंनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं. अखंडकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, "आधी आवाज ऐकवा. मग ओरडते तुमच्यावर."

६

ऐकण्याच्या खोलीतल्या पडद्यावर प्लेअर तसाच थांबलेला होता. शेवटाला अगदी थोडं उरलं होतं.

"बंद नाही केलात तुम्ही," घार काकांना म्हणाली. "म्हणून वाचला आवाज. पण इथेच का थांबवलात?"

काका ओशाळले. "सुटी वाक्यं होती तेव्हापासून रोज तिथेच थांबवायचो मी. शेवटचं वाक्य ठेवायचं राखून. सगळी वाक्यं केंद्राने लिहून दिलेली होती, शेवटचं तेवढं तिचं स्वतःचं, मनातलं. ते ऐकलं की संपलंच ना? एक वाक्य बाकी आहे म्हटलं, की घरी जाता यायचं." त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. "घरी ती असते. स्वयंपाकघरात भांडी वाजतात, दार वाजतं, सगळं आहे. पण मला हाक मारणारं कोणी नाही घरात. हे तिला कसं सांगू? तिचं दुःख मोठं, माझं काय मेलं!"

काकूंनी पाटी उचलली, मग खाली ठेवली. त्या पुढे झाल्या आणि स्वतःच्या बोटाने प्लेअर सुरू केला.

आधी खुर्ची करकरली. मग एक मोठा श्वास. आणि मग तो आवाज आला, तलावाच्या या काठावरून त्या काठाला जाणारा. भिंती लहान वाटायला लागल्या.

"झालं का? मनातलं काही बोलू म्हणता? मनातलं काय डोंबल! हे बाहेर बाकावर तोंड पाडून बसले असतील, तेवढंच आहे मनात. अहो! ऐकताय ना? चला घरी, भूक लागलीय मला!"

"आलो, आलो," काका म्हणाले, आणि पिशवी उचलून खरोखरच दाराकडे निघाले. दारात पोचल्यावर त्यांना भान आलं. ते वळले. काकूंचे खांदे गदगदत होते. हसत होत्या की रडत होत्या, आवाजावाचून कळायला मार्ग नव्हता. त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने तेच वाक्य पुन्हा लावलं.

घार बाहेर पडली. मशीनच्या खोलीवरून जाताना तिची पावलं गरजेपेक्षा हळू पडली. अखंडने बटण दाबलं होतं. पंखे थांबले होते आणि ती खोली इतकी शांत झाली होती, की त्याला चाहूल लागली आणि त्याने वर पाहिलं.

ती थांबली. पलीकडच्या खोलीतून, कानसेनने आपल्या संगणकावर उतरवलेल्या प्रतीतून, काकूंची हाक तिसऱ्यांदा ऐकू आली.

"सगळं नव्याने उभं करायचंय," अखंड म्हणाला. "मला उशीर होईल."

"हो, माहीत आहे," ती म्हणाली, आणि पर्स खांद्याला लावून पायऱ्या उतरली.